बिल्ल्यावरचा हत्ती

पद्माकररावांना हवा होता फक्त एक टॉवेल. डब्लिनजवळ सँडीफोर्डला, लेकीच्या त्या भाड्याच्या जुन्या घरात टॉवेल जिन्याखालच्या कपाटात असत. नेत्रा त्या कपाटाला इथल्या लोकांसारखं 'प्रेस' म्हणे, आणि २०२१ च्या त्या मार्चात, कोविडमुळे घरापासून पाच किलोमीटरपलीकडे जायला बंदी असल्यानं कोंडलेले पद्माकरराव तेवढ्यानंही वैतागत. टॉवेलांमागे तंबाखूची डबी निघाली. डबीत काळा पडलेला पितळी बिल्ला: पेटता हातगोळा, त्यावर वाघ आणि हत्ती.

"टोपीवरचा बिल्ला आहे," त्यांनी बायकोला, शकुंतलाबाईंना सांगितलं. "रॉयल डब्लिन फ्युजिलियर्स. यांची एक पलटण मुळात मुंबईची, कंपनी सरकारची. आपल्या खडकीला पेशव्यांविरुद्ध लढलेली. पुढे १९१५ मध्ये तुर्कस्तानच्या किनाऱ्यावर होड्यांतून उतरताना कितीतरी पाण्यातच मेले. बावीस साली पलटणच मोडली."

चाळीस वर्षं इतिहास शिकवलेल्या माणसाचं घरात कोण ऐकतं? कोविडमधून नुकत्याच उठलेल्या शकुंतलाबाईंनी बिल्ला चिंचेनं लख्ख घासला, देवात मांडला आणि अक्षता वाहून आवाहनही केलं.

"अगं, तो गणपती नाही!"

"सोंड आहे ना? मग झालं."

दुसऱ्या दिवशी दुपारी चारला जिन्याच्या पहिल्या पायरीवर बूट वाजला. एकदाच. मागोमाग ओल्या लोकरीचा वास.

"जुनं लाकूड आहे, बाबा, वाजणारच," कॉलवरून मान न वळवता नेत्रा म्हणाली. "ग्रँड आहे सगळं." 'ठीक'साठी हाही इथलाच शब्द.

मग रोज एक पायरी वर. आणि रोज शकुंतलाबाईंच्या बोटावरच्या ऑक्सिमीटरचा आकडा एकानं खाली. योगायोगाला कारण चिकटवू नये, असं जन्मभर मुलांना बजावलेले पद्माकरराव स्वतःवरच चिडत... आणि चार वाजले की कान देत. एक्क्याण्णववर डॉक्टर फोनवर म्हणाले, नव्वदच्या खाली गेलं तर ॲम्ब्युलन्स.

"आवाहन केलंयस, तर विसर्जनही करायला हवं," ते बायकोला म्हणाले, आणि आपण काय बोलतोय ते ऐकून ओशाळले.

"तुम्हीच करा... मला उठवत नाही हो."

चारला पाच कमी असताना त्यांनी अक्षता टाकल्या, बिल्ला जागेवरून हलवला, घाईघाईनं मंत्र म्हटला. जिन्यावरून बूट उतरले. एकेक पायरी, सावकाश. दार बंदच होतं. तरी गार वारा अंगावरून गेला. संध्याकाळी आकडा अठ्ठ्याण्णव.

सकाळी दाढी करताना मात्र त्यांचा हात थांबला. साठ वर्षांची जिभेची सवय! मंत्राच्या शेवटी ते म्हणाले होते, 'पुनरागमनाय च'. परत या. दरवर्षी गणपतीला म्हणतात तसंच. ज्यांना परतायला पलटणच उरली नाही, त्यांना!

"मूर्ख म्हातारा," ते आरशाला म्हणाले.

चार वाजता फाटकाची कडी वाजली. मग खडीवर बूट... एक नव्हे. एका तालात, संपता संपेनात. पद्माकरराव जिन्याच्या तोंडाशी हात पसरून उभे राहिले. बूट अजून दाराबाहेरच वाजत होते.

तेवढ्यात वरच्या खोलीतून शकुंतलाबाईंचा आवाज आला, दारी आलेल्या पाहुण्यांशी बोलावा तसा.

"या, या, बसा... अहो, चहा टाका. आणि आधी टॉवेल आणा, असतील तेवढे. किती भिजलेत हो हे सगळे!"