पुस्तक घराबाहेर जात नाही

जॉन्सटाउनच्या अग्निशमन केंद्राच्या हॉलमध्ये नाण्यांचं प्रदर्शन भरलं होतं. टेस हुडाक पिरोगीच्या, म्हणजे बटाट्याच्या सारणाच्या उकडलेल्या करंज्यांच्या, रांगेत उभी राहिली आणि तेवढ्यात तिला हवं असलेलं पुस्तक विकलं गेलं.

पुस्तक सुरुवातीच्या अमेरिकन अर्ध्या डॉलरांवरचं, छपाई कधीच थांबलेली. आजोबांनी तिच्यासाठी डबाभर चांदीची नाणी ठेवली होती. त्या काळी ठसे हाताने कोरत, त्यामुळे नाण्यावरच्या बाईचे कुरळे केस दर ठशाला वेगळे. कुठली बाई कुठली, हे त्या पुस्तकाशिवाय कळणं कठीण.

"शेवटची प्रत होती. आत्ताच यांनी घेतली," पुस्तकं विकणारी म्हातारी वर्ना म्हणाली.

'हे' म्हणजे चुरगळलेल्या कोटातला, पियानो दुरुस्त करणारा एम्लिन प्रिचर्ड.

"मला वाचायला द्याल?" टेसने विचारलं.

"पुस्तक घराबाहेर जात नाही." मग कानापर्यंत लाल होत, "नाणी मात्र... घरात येऊ शकतात. गुरुवारी?"

टेस दातांच्या दवाखान्यात मदतनीस होती. परक्या चेहऱ्यांवर वाकायची तिला सवय. पण एम्लिनच्या स्वयंपाकघरात एका भिंगावर दोन डोकी वाकली, की श्वास कुठे सोडावा ते तिला कळेना.

"एका वेळी एकच नाणं," हा त्याचा नियम. "डोळे थकतात."

तो बराच वेळ चांदीच्या बाईकडे बघायचा, आणि मग क्षणभर — टेसकडे. पडताळून पाहिल्यासारखा.

"माझ्या नाकाचं काही चुकलंय का?"

"नाही. दुर्मीळ प्रकार आहे."

आता ही स्तुती की नोंद? विचार करता करता ती घरी जाताना दोन वळणं चुकली.

हळूहळू अहो-जाहो गेलं, आणि डब्याचा तळही दिसू लागला. नाणी संपली म्हणजे गुरुवार संपले. म्हणून टेसने पाहून झालेलंच एक नाणं पुन्हा नेलं. एम्लिनने ते भिंगाखाली धरलं, पानं चाळली, "छान आहे" म्हणाला. तिला हायसं वाटलं, आणि थोडा रागही आला... एवढा जाणकार, आणि ओळखू नये? पुढच्या गुरुवारी तिने तेच नेलं. त्याच्या पुढच्याही.

त्या दिवशी साखरेसाठी तिने कपाट उघडलं. साखरेशेजारी तेच पुस्तक होतं. त्याच्या शेजारीही तेच. मागेही तेच. आणि एक टेबलावर होतंच.

"एम्लिन, हे काय?"

"पुस्तकं."

"ते दिसतंय."

"वर्नाकडे आणखी एखादी जुनी प्रत आली की... तू पोचायच्या आत जावं लागायचं." तो टेबलाकडे बघत होता. "तुला मिळालं असतं, तर इथे कशाला आली असतीस?"

"ही लबाडी झाली."

"झाली." त्याने नाणं भिंगाखाली सरकवलं. "या नाण्यावर बाईच्या हनुवटीखाली ओरखडा आहे. मागच्या गुरुवारीही होता. त्याच्या आधीही."

आता टेसचे कान तापले. "मग बोलला का नाहीस?"

"पुढच्या वेळी काय आणलं असतंस?"

टेसने कपाटातली एक प्रत उचलली आणि कोट चढवला. एम्लिनचा चेहरा उतरला.

"नेतेस?"

"हो. पुढचा गुरुवार माझ्याकडे आहे."

"नाणं राहिलं तुझं."

"राहू दे," ती दारातून म्हणाली. "येताना तेच आण."