कड्या नसलेलं गाव

मार्वेकडे जाणारी शेवटची बोट गेली. म्हणजे आता मनोरीतून कुणी पळून जात नाही. बसा. सिद्धेश, तो मोबाईल पालथा ठेव. मानसी मघाशी म्हणाली ना, दशरथकाका, ऐकीव नको, खरं घडलेलं सांगा? मग ऐका. अंधेरीच्या प्रेसमध्ये माझ्या शेजारच्या टेबलावर वीस वर्षं प्रुफं तपासणाऱ्या माणसाची हकिकत आहे. कुंडलिक त्याचं नाव. दारू नाही, तंबाखू नाही, उगाच बोलायची सवय नाही.

१९ नोव्हेंबर २०१९. मंगळवार. कुंडलिक पार्ल्याला गेला तो फक्त कागद आणायला. श्यामसुंदर सर म्हणून इतिहासाचे निवृत्त प्राध्यापक होते, त्यांच्या पुस्तकाची शेवटची प्रुफं. सकाळी छपाई सुरू व्हायची होती. सर म्हणाले, शेवटचं प्रकरण तुमच्यासमोर वाचून बघतो, मगच न्या.

पुस्तक होतं एका सरदारावर. रानिएरो. साडेसहाशे वर्षांपूर्वी इटलीत रोक्कामोरा नावाच्या डोंगरावरच्या गावावर त्याचं राज्य होतं. गादी कशी मिळवली? थोरल्या भावाला जेवायला बोलावलं आणि तळघरात कोंडलं. वर नऊ दिवस मेजवान्या चालल्या. खालून हाका यायच्या, तेव्हा वाजंत्री जोरात वाजवायला सांगायचा. दहाव्या दिवशी हाका थांबल्या. मग म्हणाला, आता वाजंत्रीही पुरे.

बावीस वर्षं त्यानं राज्य केलं. रस्ते बांधले, धान्य स्वस्त ठेवलं, गावात एकही चोरी झाली नाही. पण त्याचा एक कायदा होता. कुठल्याही घराला आतून कडी लावायची नाही. गावभरच्या कड्या काढून घेतल्या आणि वितळवल्या. रात्री हातात दिवा घेऊन हा एकटाच फिरायचा. कुठल्याही घरात शिरायचा. झोपलेल्यांच्या पलंगाच्या कडेला बसायचा आणि हळू आवाजात विचारायचा, "आज माझ्याबद्दल काय बोललात?"

खरं सांगितलं तर जीभ जायची. गप्प राहिलं तर सकाळी थोरलं मूल किल्ल्यावर न्यायचे. ते परत यायचं नाही.

कुंडलिकनं हे सगळं तीन वेळा तपासलं होतं. ऱ्हस्व-दीर्घासाठी. त्याला त्याचं काही वाटत नव्हतं.

त्या रात्री सरांच्या घरात त्याला पहिल्यांदा काहीतरी खटकलं. सरांच्या बायको, जयंतीबाई, वय सहासष्ट. भिंतीला टेकून उभ्या होत्या. नऊ वाजता उभ्या होत्या, साडेदहालाही उभ्याच.

कुंडलिक म्हणाला, "काकू, बसा ना."

सर हसले. "ती बसणार नाही. काल विचारलं, ओजसशी फोनवर काय बोललीस? उत्तर नाही. मग उभं राहायचं."

ओजस म्हणजे त्यांचा मुलगा, बोरिवलीला राहायचा. बापानं त्याला घरात पाय ठेवायला मनाई केली होती. बाई एकदा खोलीचं दार लावून त्याच्याशी बोलल्या, तर दुसऱ्या दिवशी सरांनी सुतार बोलावला आणि घरातल्या सगळ्या दारांच्या कड्या काढून टाकल्या. बाथरूमचीसुद्धा. कुंडलिक हात धुवायला गेला तेव्हा त्याला दारावर स्क्रूची चार भोकं दिसली.

"कडी म्हणजे कटाची सुरुवात," सर म्हणाले. "रानिएरोला हे कळलं होतं. लोक त्याला क्रूर म्हणतात. मी म्हणतो, घर चालवायचं तर असंच चालवावं लागतं."

कुंडलिकनं समोरची पानं सारखी केली. परक्याच्या घरात आपण काय बोलणार? त्याचं त्याला पुढे फार लागलं. पण तेव्हा तो गप्पच बसला.

बारा वाजून गेले. सर शेवटचं प्रकरण मोठ्यानं वाचत होते. रानिएरोचा शेवट. त्याच्याच माणसांनी त्याला वेशीबाहेर भोसकलं. तो पोट धरून गावात आला आणि दारं ठोठावायला लागला. कड्या तर त्यानंच काढून नेलेल्या. लोकांनी आतून हातांनी दारं दाबून धरली. म्हाताऱ्यांनी, बायकांनी, पोरांनी. तो रात्रभर खालच्या आळीपासून वरच्या आळीपर्यंत प्रत्येक दारावर गेला. एकही उघडलं नाही.

सरांनी कागद खाली ठेवला. घड्याळात एक वाजून दहा मिनिटं झाली होती.

तेव्हा खाली, तळमजल्यावर, कुणीतरी दार ठोठावलं.

तीनदा.

मग थोडं थांबून शेजारचं दार. तीनदा.

"इतक्या रात्री कोण रे?" सर म्हणाले.

पहिला मजला. एक दार... दुसरं दार... कुणी उघडत नव्हतं. कुणी "कोण आहे" म्हणतही नव्हतं. कुत्रं भुंकलं नाही.

दुसरा मजला.

सरांचं घर तिसऱ्या मजल्यावर. ते उठले. तोंड पांढरं पडलं होतं. "प्रत्येक दार..." एवढंच म्हणाले.

जयंतीबाई भिंतीपासून सुटल्या. कुंडलिकचं मनगट धरलं आणि त्याला ओढत स्वयंपाकघरात नेलं. दार लोटलं. आणि कुंडलिकनं पाहिलं, त्या दाराला आतून कडी होती. नवी कोरी. सर दुपारी बँकेत गेले तेव्हा बाईंनी स्वतःच्या हातानं बसवलेली.

त्यांनी ती सरकवली.

बाहेरच्या दारावर तीन ठोके पडले.

मग लॅच उघडल्याचा आवाज. खट्.

सरांची पावलं धावत स्वयंपाकघराकडे आली. दारावर थापा पडल्या.

"जयंती! दार उघड! अगं, उघड ना..."

कुंडलिकचा हात कडीकडे गेला. बाईंनी त्याचा हात धरला, दारावर ठेवला, आणि शेजारी आपला हात टेकला. दाबून.

"कुंडलिक! तुम्ही तरी उघडा! तो आत... तो बसलाय... जयंती..."

बाहेर कुणीतरी काहीतरी विचारलं. हळू आवाजात. भाषा कळली नाही. प्रश्न होता, एवढं कळलं.

बाईंनी दाराला तोंड लावलं. कुंडलिक म्हणायचा, तो आवाज मी मरेपर्यंत विसरणार नाही. इतका शांत.

"सांगा त्याला. आज काय बोललात ते सांगा."

"काही नाही... मी काही नाही... काही..."

मग...

मग काहीच नाही.

सहा वाजता उजाडलं, तेव्हा त्यांनी दार उघडलं. सर जमिनीवर पडले होते. जिवंत. अर्धं अंग गेलेलं, वाचा पूर्ण गेलेली. डॉक्टर म्हणाले, या वयात होतं असं. खालच्या कुठल्याच घरात रात्री कुणी ठोठावलेलं ऐकलं नव्हतं.

पुस्तक छापलंच नाही. सर अकरा महिने अंथरुणावर होते. ओजस परत राहायला आला. बाईंनी सरांचं सगळं केलं, काही कमी पडू दिलं नाही. फक्त रोज रात्री दिवा घालवायच्या आधी त्या पलंगाच्या कडेला बसायच्या आणि विचारायच्या, "आज काय बोललात?" सरांच्या डोळ्यांतून पाणी वाहायचं. त्या पुसायच्या आणि झोपायला जायच्या. ओजसनं हे मला स्वतः सांगितलं. सांगताना खाली बघत होता.

तुम्ही म्हणाल, कुंडलिकनं उघडायला हवं होतं. तोही तेच म्हणायचा. दार सोडवेना, म्हणायचा. आणि एकदा म्हणाला, चल, तुला दाखवतो.

मी गेलो. बाईंनी चहा केला आणि आम्हाला स्वयंपाकघरात नेलं. कुंडलिकनं सांगितलं, सकाळी दार उघडायला गेलो तर कडी सरकवायची गरजच पडली नाही. पहिल्याच थापेला स्क्रू निघाले असणार. जुनं, कुजकं लाकूड. कडी जमिनीवर पडली होती, थापांच्या आवाजात ती पडलेली कळलीच नव्हती. सर तगडे होते, सहा फूट. कुंडलिक असा बारीक. बाई त्याहून बारीक. दोघांच्या हातांनी ते दार थोपवलं गेलं नसतं.

बाईंनी दार लोटलं. आतली बाजू माझ्याकडे केली. दोघांनी हात टेकले होते तिथे काही नव्हतं. त्याच्या वीतभर वर लाकूड आत दबलं होतं. ओल्या मातीत दाबावा तसा, पाचही बोटं उमटलेला, आतून दार दाबून धरणारा तिसराच एक हात.