लालीबाईचा हात

ही गोष्ट घडलेली आहे. हसायचं असेल तर हसा. राजकुमार सरही हसले होते.

मागच्या वर्षीचा नोव्हेंबर. गुरुवार. दुपारचे अडीच. यवतमाळातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजची लॅब.

टेबलावर यंत्राचा हात बसवलेला. चार बोटं, टोकांना रबर. माणसाच्या जोडीनं कापूस वेचायला सर त्याला शिकवत होते.

म्हणजे नाव सरांचं. शिकवलं लालीबाईनं. फुलसावंगीजवळच्या बंजारा तांड्यावरून येऊन तीन महिने ती वायरींचे हातमोजे घालून बोंडं वेचत बसली. काही सांगायला गेली की सर म्हणायचे, "बाई, डोकं चालवू नका. मला फक्त तुमचा हात पाहिजे."

दिवाळीनंतर लालीबाई तापानं गेली.

"गेली तर गेली," सर म्हणाले. "हात आहे आपल्याजवळ."

तिच्या जागी तिची पोरगी वर्षा आली. तिनं बोंड पुढे धरायचं, यंत्रानं कापूस ओढायचा. सरांना ती आईपेक्षाही मठ्ठ वाटे.

त्या दुपारी लाईट गेली.

पंखा थांबला. इन्व्हर्टरही बसला. लॅब एकदम गप्प.

आणि... हात हलला.

मोटारीचा आवाज नाही. चार बोटं सावकाश उघडली. बोंड सोडून वर्षाच्या बोटांकडे गेली. बोंडाच्या टोकांनी तिची बोटं फाटली होती. रबर एकेका ओरखड्यावरून फिरत राहिलं... हळू... फुंकर घालावी इतकं हळू.

वर्षा ओरडली नाही.

"याडी?" आईला हाक मारावी तशी ती पुटपुटली.

सर खो खो हसले. "अगं येडपट, स्प्रिंग आहे ती! ऊठ तिथून."

"सर, हात नका लावू. मले बरोबर नाही वाटून राह्यलं."

"तुले काय कळते?" तिच्या बोलीची नक्कल करत सरांनी तिला बाजूला सारलं. आपला पंजा पुढे केला. "घे बाई, वेच!"

बोटं मिटली.

सरांनी ओढून पाहिलं. सुटेना.

अंगठा दाबला गेला... मग पहिलं बोट... दुसरं... तळवा उलटा झाला... पुन्हा सुलटा. सरांना दरदरून घाम फुटला.

मग किडकं बोंड झटकावं तसा तो पंजा बाजूला फेकला गेला.

वर्षानं ओढणी सारखी केली.

"कवडी, किडका कापूस याडी झोळीत घेतच नव्हती, सर," ती म्हणाली अन् निघून गेली. परत आली नाही.

यंत्र खोलून पाहिलं. बिघाड नाही. सरांच्या हातावर साधा वळसुद्धा नाही.

पण तेव्हापासून त्यांचा हात कुणी धरून ठेवत नाही. शेकहँड करणारा चटका बसल्यासारखा हात मागे घेतो.

त्यांची सहा वर्षांची पोरगी रस्ता ओलांडताना शर्टाची बाही पकडते.

"हात धर ना बेटा. का नाही धरत?"

तिला सांगता येत नाही. ती त्या पंजाकडे बघते...

आणि बाहीसुद्धा सोडते.