टाळूचं माप

तो आमच्या दुकानात शिरला तेव्हा त्याचे सगळे दात जागच्या जागी होते, म्हणून मी आधी त्याच्याकडे लक्षच दिलं नाही. आम्ही कवळ्या बनवतो, दादा आणि मी. बाहेर गल्ल्यावर वहिनी, मांडीवर तान्ही लेक. शाबूत दातांचा माणूस आमच्याकडे येतो तो बहुधा पत्ता विचारायला.

याला नुसता टाळू हवा होता.

तो इंग्रजी उच्चार शिकवायचा. टाळूला घट्ट बसेल अशी पातळ प्लेट करून द्या म्हणाला. तिच्यावर कोकोची पूड भुरभुरायची, तोंडात बसवायची, एकच आवाज काढायचा आणि प्लेट काढून बघायची... जीभ जिथे टेकली, तिथली पूड पुसलेली दिसते. नुसतं सांगून विद्यार्थ्यांना पटत नाही, ठसा दाखवला की पटतं.

वहिनी लेकीला थोपटत पुटपुटली, "लोक चंद्र-तारे मागतात, यांना टाळू हवाय."

मी माप घ्यायला बसवलं. गुलाबी लगद्याने तोंड भरलं की भलेभले गप्प होतात. हा मात्र नाकातल्या नाकात गुणगुणत राहिला. तोंड मोकळं झाल्यावर म्हणतो कसा, तोंडाची वाट बंद केली तरी नाकातून आवाज निघतोच, तेच तपासत होतो. पण तोवर मला हसू फुटलं होतं, हात हलला होता आणि माप बिघडलं होतं. पुन्हा घ्यावं लागलं. आता हसवू नका, मी बजावलं. प्रयत्न करतो म्हणाला – चेहऱ्यावर प्रयत्नाचा मागमूस नव्हता.

प्लेटच्या बदल्यात मी शिकवणी मागितली. दुसऱ्या शहरातल्या मोठ्या दंत-रुग्णालयात जागा निघाली होती. अपघातात जबडा गेलेल्या माणसांना तिथे नवं तोंड करून देतात. ते काम शिकायचं माझं कधीपासून मनात होतं. मुलाखत फोनवर, इंग्रजीत. वाचायला मला सगळं यायचं, बोलायला गेले की ततपप.

मग रोज संध्याकाळी तो यायचा. एका 'व'साठी खालचा ओठ वरच्या दातांना हलकेच लावायचा. दुसऱ्यासाठी दात विसरायचे आणि गरम दुधावर फुंकर घालताना होतो तसा ओठांचा चंबू करायचा. कधी जिभेचं टोक दातांमध्ये – चावायचं नाही, वारा जाऊ द्यायचा. मी दिवसभर तोंडंच हाताळते, पण ती प्लास्टरची, मुकी. बोलणारं तोंड इतकं काही करत असतं, हे मी पहिल्यांदाच बघत होते. बघता बघता सवयीने त्याची हनुवटी धरली, उजेडाकडे वळवली आणि म्हटलं, म्हणा आता.

त्याचे कान तेवढे लाल झाले.

एकदा भर बाजारात तो समोरून आला आणि मी सरळ पुढे निघून गेले. संध्याकाळी स्वारी रुसलेली.

"ओळखही दाखवली नाहीत."

"तोंड मिटलेलं होतं ना तुमचं..."

खरंच सांगते, त्याच्या टाळूवरची वळी न् वळी मला पाठ होती, चेहऱ्याकडे मात्र कधी नीट पाहिलंच नव्हतं. त्या संध्याकाळी पाहून घेतला. त्यानंतर माझं ततपप वाढलं, आणि त्याचा दोष इंग्रजीकडे नव्हता.

मुलाखत झाली. एकही शब्द अडला नाही. जागा मिळाली तेव्हा दादाने गल्लीभर पेढे वाटले, मला कडेवर घेऊन नाचायचं तेवढं बाकी ठेवलं. मास्तर मात्र मुलाखतीपासून फिरकलाच नव्हता. अंगात कसर आहे, असा निरोप धाडलेला.

मीच त्याच्या वर्गावर गेले. विद्यार्थी गेले होते. तो फळ्यावरची जीभ पुसत होता.

"मिळाली," मी म्हटलं.

त्याने अभिनंदन केलं, इंग्रजीत, अगदी बिनचूक. मग हातातल्या डस्टरकडे बघत, आपल्या भाषेत, अडखळत...

"शेवटच्या दिवशी एखादा आवाज चुकीचा शिकवावा, असं मनात आलं होतं. म्हणजे तुम्ही... इथेच राहिला असता. नाही जमलं."

"शिकवला असता, तर मी पुन्हा तुमचं तोंड पाहिलं नसतं."

"आणि आता?"

"आता मी जाणार आहे." त्याचा चेहरा उतरला. मी जरा थांबले – थोडं सतावायचं होतं, दुसरं काय. "पण इंग्रजी बोलताना अडणारी माणसं त्या शहरातही असतील. तुम्ही उपाशी राहणार नाही."

त्याला कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा खडूची सगळी पूड त्याने स्वतःच्याच शर्टाला पुसली.

"चला," मी म्हटलं, "दादाशी बोला."

वाटभर तो ओठ हलवत तालीम करत होता. दुकानात पोहोचलो आणि शब्दच फुटेना. वहिनीने त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, लेकीला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं आणि आत हाक दिली,

"अहो, ते दात ठेवा खाली आणि बाहेर या. मास्तर बोलायला आलेत, आणि त्यांना बोलता येत नाहीये."