जिन्याचे तुकडे

माणसाला घाबरवायला भूत लागत नाही, कात्री लागते, असं दिलदार म्हणायचा. कोल्हापुरातल्या एका स्टुडिओत तो सिनेमाचं संकलन करायचा, म्हणजे चित्रित झालेली फिल्म कापून पुन्हा जोडायचा. स्वभावाने इतका गरीब की रिक्षावाल्याशी भाव करतानाही याचाच आवाज खाली जायचा. पण अंधाऱ्या खोलीत मुव्हिओलापुढे, म्हणजे फिल्म चालवून बघायच्या यंत्रापुढे, बसला की तोच गडी भल्याभल्यांच्या अंगावर काटा आणायचा.

मे महिन्यातल्या त्या दुपारी मात्र त्याचं कामात लक्ष नव्हतं. तासा-दीड तासावरच्या मलकापूरहून सकाळीच निरोप आला होता. कुलसुमला कळा सुरू झाल्या होत्या आणि सुईण घरी आली होती. कुलसुम म्हणजे त्याची बायको, बाळंतपणाला माहेरी गेलेली. दोन वर्षांपूर्वी त्याच घरात, त्याच खोलीत तिचं पहिलं मूल जन्मलं होतं आणि ते रडलंच नव्हतं. दिलदारने ते स्वतःच्या हातांवर कबरस्तानापर्यंत नेलं होतं. तेव्हापासून त्या खोलीचं नाव निघालं की तो उठून बाहेर जायचा.

त्याला तसंच उठून मलकापूर गाठायचं होतं. पण सिनेमाचे मालक आणि दिग्दर्शक हंबीरराव दारात आडवे उभे राहिले.

"दिलदारभाई, बाळंतपणात बाप्या माणसाचं काय काम हाय? तिथं जाऊन तुम्ही नुसतं अंगणात फेऱ्या मारणार. तेवढा दाराचा सीन जोडा आणि संध्याकाळच्या गाडीनं जावा की!"

"साहेब, जीव थाऱ्यावर नाही हो."

"मग तर बेस. घाबरलेल्या माणसाच्या हातनंच घाबरवणारा सीन होतोय," असं म्हणून हंबीरराव जेवायला गेले.

सीन साधा होता. नायिका हातात कंदील घेऊन एका बंद दारापाशी येते, कडीला हात घालते आणि थबकते. तिच्या मागे जिना आहे. दार, कंदील आणि नायिका स्टुडिओतल्या सेटवरची. जिना मात्र खरा होता, आणि गंमत अशी की तो दिलदारनेच सुचवला होता. मलकापुरात त्याच्या सासऱ्यांचा गाद्या भरण्याचा धंदा. दुकानामागे घर, घरात लाकडी जिना, वर कापसाची पोती आणि जुना पाळणा ठेवायची माडी. हंबीररावांना असाच काळाकुट्ट, करकरणारा जिना हवा होता. जिन्यावर उजेड यावा म्हणून माडीचं दार सताड उघडं ठेवलं होतं आणि कॅमेरा खाली लावून तो रिकामा जिना बराच वेळ टिपला होता. जिना जिथे उतरतो, तिथेच कुलसुमच्या बाळंतपणाची खोली होती. हे तेव्हा कुणाच्या डोक्यातही आलं नाही, दिलदारच्याही नाही.

त्याने पांढरे हातमोजे चढवले आणि कामाला लागला. जिन्याच्या लांबलचक शॉटचे तुकडे केले. तिचा हात, मग जिना. कडी, मग जिना. तिचा घाबरा चेहरा, पुन्हा जिना. लोकांना जिना दिसत राहतो, तिला दिसत नाही, आणि तिथेच प्रेक्षक खुर्चीचा हात घट्ट धरतो. दार उघडायला जितका उशीर करावा तितकी भीती वाढते. दिलदार उशीर करण्यात पटाईत होता. फिल्म चिकटवायच्या सिमेंटने जोड चिकटवून त्याने फिल्म यंत्रात घातली आणि पडद्याच्या त्या पोस्टकार्डएवढ्या काचेवर डोळा लावला.

हात... जिना. कडी... जिना. चेहरा... जिना.

शेवटच्या तुकड्यात सर्वांत वरच्या पायरीवर एक पाऊल दिसलं.

"च्यायला, युनिटातलं कोण कडमडलं?" असं पुटपुटत त्याने तो तुकडा सोडवला आणि दिव्यासमोर धरून भिंगातून पाहिला. एकेक चौकट तपासली. जिना रिकामा होता. डोळे शिणले असतील म्हणून त्याने तोंडावर पाणी मारलं, तुकडा परत जोडला आणि यंत्र सुरू केलं.

आता पाऊल नव्हतं. आता अख्खा माणूस होता, आणि एक पायरी खाली आला होता.

खोलीत सिमेंटचा उग्र वास भरला होता, पण त्यात आता जुन्या, दमट कापसाचाही वास मिसळला होता. त्याने जिन्याचे सगळे तुकडे सुटे करून पाहिले. एकातही कुणी नव्हतं. जोडून चालवले की मात्र तो होता. जिन्यात नाही, दारात नाही. दोन तुकड्यांना जिथे जोड होता, तिथून तो येत होता.

पुन्हा चालवलं. अजून खाली. पुन्हा... अजून खाली. थांबवावं असं वाटत होतं आणि हात थांबत नव्हता, कारण न बघता तो कुठवर आला असेल हे कल्पनेने जास्तच भयंकर झालं असतं. माणसाचा चेहरा अंधारात होता. हात तेवढे दिसत होते. दोन्ही हात पुढे केलेले, तळवे वर, कोपरं अंगाशी. ओंजळ नव्हे. काहीतरी हलकं, कापडात गुंडाळलेलं, जपून घेण्यासाठी करतात तसे.

असे हात दिलदारने आयुष्यात एकदाच केले होते, कबरस्तानाच्या वाटेवर.

त्याला एकदम सगळं समजलं. हा नायिकेकडे येत नव्हता. त्या जिन्याखाली सेटवरचं दार नव्हतंच. त्या जिन्याखाली कुलसुम होती, आणि याचे हात तिच्या बाळासाठी पुढे होते.

"या अल्ला... मीच आणतोय याला," तो कुजबुजला.

यंत्र बंद करून भागणार नव्हतं. शेवटच्या पायरीवर तो तसाच उभा राहिला असता, दाराला कान लावून. इतकी वर्षं दिलदारने लोकांना ताटकळत ठेवलं होतं. आता तिकडे कुलसुम ताटकळत होती, आणि तो इथे दार उघडायला उशीर करत बसला होता.

मग जे सुचलं ते संकलकालाच सुचावं. त्याने सगळे जोड सोडवले. जिन्याचा शेवटचा तुकडा पहिला घेतला, त्याच्या आधीचा त्याच्या नंतर. अशी सगळी उतरंड उलटी केली. प्रत्येक जिन्यानंतर दाराचा तुकडा जोडला, पण आता बंद दार नव्हे. हंबीररावांनी सीनच्या अगदी शेवटाला राखून ठेवलेला शॉट, दार उघडून उजेड आत येतो तो, त्याने तुकडे करून तिथे तिथे चिकटवला. भीतीचा पार चुराडा होणार होता. नोकरीही गेली असती. जाऊ दे म्हणाला. घाईत एक जोड तिरका बसला.

यंत्र सुरू झालं. माणूस तळाच्या पायरीवर. दार... माणूस एक पायरी वर. तोंड तसंच इकडे, हात तसेच पुढे, रिकामे. चेहरा... अजून वर. उजेड... अजून वर. शेवटच्या तुकड्यात जिना रिकामा झाला.

त्याने कपाळ यंत्राच्या थंड पत्र्यावर टेकवलं. मग खात्री करायला पुन्हा काचेत पाहिलं. जिना रिकामाच होता. फक्त वरचं माडीचं दार, शूटिंगच्या वेळी सताड उघडं असलेलं, आता बंद होतं.

जेवून, झोप काढून हंबीरराव संध्याकाळच्या गाडीच्या सुमारास जांभया देत आले आणि सीन बघायला बसले. दिलदारने शिव्या ऐकायची तयारी ठेवली होती.

"आयला, दिलदारभाई," ते हळूच म्हणाले. "कोण न्हाय, काय न्हाय, नुसता मोकळा जिना. आणि तरी छातीवरचा धोंडा कुणीतरी उचलून नेल्यागत वाटतंय. हात लावू नका आता ह्याला."

दिलदार चप्पल शोधत होता तेवढ्यात खाली फाटकापाशी मालट्रक थांबला आणि कुलसुमचा धाकटा भाऊ इकबाल धापा टाकत वर आला. इकबालचे डोळे लाल होते. पण तो हसत होता.

"दुलाभाई, पोरगी! दोघी बी चांगल्या हाइत. पोरगी अशी रडत्या, अशी रडत्या... सगळी गल्ली गोळा झालीया!"

दिलदार खाली बसला आणि लहान पोरासारखा रडला. हंबीरराव एवढे दांडगे, पण त्यांनीही डोळ्याला धोतराचा सोगा लावला आणि लगेच कुणावर तरी चहासाठी ओरडले.

"लई अडलं होतं," चहा पिता पिता इकबाल सांगू लागला. "सुईण म्हणायची, हाताशी येतंय आणि मागं जातंय, कुणीतरी वाट अडवल्यागत. कुलसुमआपानं तर आशाच सोडली होती. आणि मग काय झालं कुणास ठाऊक, एकदम मोकळी झाली. खोलीचं दार आपोआप उघडलं, वारा न्हाय काय न्हाय."

दिलदार ऐकत होता. हसू ओठांवरून हटत नव्हतं. मलकापूरला पोचलं की आधी पोरीच्या कानात अजान, मग गल्लीभर पेढे, असं त्याने मनात ठरवूनही टाकलं. त्याने इकबालच्या खांद्यावर हात टाकला आणि दोघे स्टुडिओचा जिना उतरू लागले. अर्ध्या जिन्यात इकबाल थांबला.

"एक व्हतं, दुलाभाई." त्याचा आवाज खाली गेला. "अम्मीनं मला माडीवरचा पाळणा आणायला धाडलं. तर माडीचं दार आतनं लावलेलं. वर तर कोणच न्हाय. लई ढकललं, हलंना."

"राहू दे."

"ते न्हवं..." इकबालने मागे वळून पाहिलं. "मी दाराला कान लावला. आत पाळणा हलतोय. करकर... करकर... असा, दमानं. कुणीतरी झोका देत बसल्यागत."

वर संकलनाच्या खोलीत कुणी बटण दाबलं नव्हतं, तरी यंत्र चालू झाल्याचा आवाज येत होता. त्याने वर पाहिलं नाही. मेहुण्याचा हात घट्ट धरला आणि भराभर पायऱ्या उतरला.

"हलू दे," तो म्हणाला. "त्याला तेवढा पाळणा असू दे. पोरीला आपण वाटेत नवा घेऊ."