तीन तासांचा इशारा

रंजूनं नवा कोड चढवला, तेव्हा तीन माणसं बघत होती. तरी लिलाधरची नाव वाहून गेली आणि तो पाय मोडून भंडाऱ्याच्या दवाखान्यात पडला.

वैनगंगेकाठच्या त्या मच्छीमार संस्थेत संगणकावरची एक स्क्रिप्ट धरणाची दारं उघडण्याआधी नावाड्यांना मोबाइलवर इशारा पाठवी. पूर्वी एक तास आधी. यंदा संस्थेनं तीन तास ठरवले. संगणक सांभाळणाऱ्या रंजूनं बदल केला, पण इशारा आला एक तासच आधी. आज चार वाजता बैठक होती आणि रंजूवर पोलिसांत तक्रार करायचा ठराव लिहून तयार होता.

रंजूच्या बोलावण्यावरून रंभाबाई नान्हे दुपारी एकला पोचल्या. भंडाऱ्यात खासगी तपास करणाऱ्या त्या एकट्याच बाई. सोबत भैय्याजी, एसटीचे निवृत्त कंडक्टर. त्यांना संगणकातलं ओ की ठो कळत नसे, पण बाईंची पिशवी धरायला कुणीतरी लागतंच.

कार्यालयात पावसाची ओल भरली होती. भैय्याजींची खुर्चीही गार लागली. चिंब भिजून आलेली मांजर मात्र कोपऱ्यातल्या एका झाकलेल्या खोक्यावर सुखात झोपली होती. त्यांना तिचा हेवा वाटला.

रंजू रडून थकली होती. तिनं फाइल दाखवली. तारीख नवी, आत तीन तास. तेवढ्यात कार्यालयाचा मोबाइल वाजला. स्क्रिप्ट दर पंधरा मिनिटांनी आपली खुशाली कळवी. ‘चालू आहे. इशारा १ तास आधी.’

"पाहा ना बाई," रंजू म्हणाली. "चढवते तीन अन् निघते एक."

पासवर्ड आणखी एकाकडे होता, सचिव अमरकडे. त्याचा चुलतभाऊ रंजूच्या खुर्चीवर डोळा ठेवून होता, त्यामुळे भैय्याजींनी मनातल्या मनात अमरला बेड्या घातल्या. अमरनं सांगितलं की गेल्या दसऱ्याला नवा संगणक आला, त्यानं सगळं त्यावर उतरवलं आणि जुना स्वतः बंद केला. मग घरून तासभर खुशालीचे संदेश पाहिले. ते येत होते, म्हणजे नवा चालला.

शेवटी अध्यक्ष सखाबाई. लिलाधरची आई. संस्था उभी केली तिच्या यजमानांनी. ते वारले, तरी त्यांच्या जुन्या संगणकाला ती रोज हळदीकुंकू लावी. "माह्या पोराचा पाय गेला असता," ती म्हणाली. "हिले सोडणार नाई मी."

रंभाबाई रंजूकडे वळल्या. "कोड मोड. एकही ओळ चालली नाई पाहिजे."

रंजूनं तो मोडून चढवला. सगळे मोबाइलकडे बघत बसले. संदेश आला. ‘चालू आहे. इशारा १ तास आधी.’

बाईंनी उठून नव्या संगणकाची वायरच उपसली. पुन्हा पंधरा मिनिटं. संदेश आलाच.

"रंजूचा कोड बरोबर आहे," रंभाबाई म्हणाल्या. "पण तो मोडला तरी संदेश येते, मशीन बंद केली तरी येते. मंग नव्यावर स्क्रिप्ट कधी चाललीच नाई. दुसरीकडंच चालून राहिली आहे. अमर, तू घरी संदेश पाहिले, ते कुठून निघाले हे पाहिलं नाई. इथं गरम जागा एकच आहे, अन् ते त्या मांजरीले आपल्याआधी समजलं."

त्यांनी मांजर हलवली, कापड उचललं. ताज्या कुंकवाच्या खाली हिरवा दिवा लुकलुकत होता.

"अमरनं बंद केला. मंग सुरू कोनं केला? रोज याले हात लावते एकच मानूस."

"दसऱ्याले जाळ्याची, वल्ह्याची पूजा केली," सखाबाई म्हणाली. "हा मेल्यावानी पडून होता. बंद पडलेल्याची पूजा थोडी करतेत? अमर गेला अन् मीच बटन दाबलं. हे जाताना म्हणले होते, हा बंद पडू देऊ नोको, मानसं मरतीन."

भैय्याजींना खूप वाईट वाटलं. अमरला बेड्या घातल्याची लाजही वाटली.

सखाबाई उठली. तिनं पदरानं कुंकू पुसलं, बटण दाबलं आणि दिवा विझेपर्यंत तिथंच उभी राहिली. मग रंजूचा हात धरला.

"चाल माह्यासंगं दवाखान्यात," ती म्हणाली. "आठ दिवसापासून लिलाधर तुले शिव्या देऊन राहिला. त्या शिव्या खऱ्या कोनाच्या वाट्याच्या होत्या, ते तुह्यासमोर सांगतो त्याले."