सोनटक्क्यांचे टीव्ही

श्रीधर सोनटक्के वारले तेव्हा निंबसर वसाहतीला हायसे वाटले. हे लिहायला बरे वाटत नाही, पण झाले तसेच. एका माणसाच्या घरात चारशे अकरा जुने खोकेवजा टीव्ही आणि शंभरावर रेडिओ असले, की शेजारी काही कौतुक करत नाहीत. हौसेला मोल नाही म्हणतात, पण त्या हौसेखाली दबून राहायला कोण तयार असते? भाची विजया हिने रविवारी सकाळीच दार उघडले आणि सगळे विकायला काढले.

डॉ. शलाका टिपणीस आल्या त्या किरणोत्सर्ग मोजणाऱ्या जुन्या किरणमापकासाठी. काट्याचा, कुठल्याही जालाला न जोडलेला मापक आता दृष्टीस पडत नसे, आणि त्यांना तो प्रयोगशाळेत शोभेला ठेवायचा होता. सहकारी इकबाल तांबोळी बरोबर होते; दोघेही निंबसरबाहेर राहायचे. विक्री आटोपून बाई लेकीकडे जेवायला जाणार होत्या. मृण्मयी दोन गल्ल्या पलीकडे राहायची, तिला सातवा महिना होता. हल्ली तिला फार थकवा यायचा, हिरड्यांतून रक्त यायचे. टेकडीखाली अणुभट्टीचा जुना कचरा पुरलेला आहे, तर घर बदलू का, असे तिने आईला दोनदा विचारले होते. माझे अकराशे मापक तिथे पहाऱ्यावर आहेत, तू निवांत राहा, असे आईने दोन्ही वेळा बजावले होते. या मापकांना एकमेकांशी जोडणारे वसाहतीचे ‘सहमती-जाल’ बाईंनीच उभे केले होते.

हवा तो मापक सोनटक्क्यांच्या झोपायच्या खोलीत मिळाला. खोलीच्या चारही बाजूंना टीव्हींचे छतापर्यंत चार-चार थर होते, खिडकीसुद्धा बुजवलेली. काटा बारावर स्थिर होता. बाहेर चौकातल्या जालाच्या फलकावरही नेहमीचे बाराच होते. चाळीस वर्षांचा म्हातारा मापक आपल्या जालाशी जुळतो म्हणून बाई मनापासून खूश झाल्या.

तेवढ्यात भंगारवाल्यांनी टीव्ही उचलायला सुरुवात केली. एकेकाला चार-चार माणसे लागत होती. दोन थर गेले आणि काटा वीसवर आला. तिसरा गेल्यावर पंचावन्न. इकबाल म्हणाले, जुनं यंत्र आहे, बिघडलं असेल. बाई मापक घेऊन अंगणात गेल्या, तर काटा तीनशेच्या पुढे जाऊन थरथरत राहिला. पायरीवर एक टीव्ही हमालांच्या हातून निसटला आणि फुटला. त्याच्या पोटातून जुन्या बॅटऱ्यांचे शिशाचे पत्रे बाहेर पडले, दाबून दाबून भरलेले.

इकबालनी त्यातला एक पत्रा उचलला; शिसे किरणे अडवते, हे दोघांनाही ठाऊक होते.

“बाई, एखादा मापक बाकीच्यांपेक्षा जास्त दाखवायला लागला, तर आपलं जाल काय करतं?”

“शेजारच्यांशी ताडून बघतं आणि त्याचा आकडा त्यांच्याइतका करतं. दर आठवड्याला.”

“आणि सगळेच सावकाश वर सरकले तर?”

“मापक जुने झाले असं धरतं. सगळ्यांचेच आकडे खाली आणतं. माणूस पाठवून तपासायला नको, म्हणून तो नियम मीच घातला.”

“किती वर्षं झाली?”

“नऊ.”

त्या नऊ वर्षांत हवेत काय काय वाढले ते अकराशे यंत्रांनी एकमताने पुसून टाकले होते. वसाहतीत वेडा ठरलेला एकटा माणूस मात्र शिशाची भिंत रचत बसला होता. बाईंना त्या माणसापुढे स्वतःची लाज वाटली. त्यांनी विजयाला हात जोडून विक्री थांबवली आणि नेलेले टीव्ही परत रचायला लावले. इकबालनी नियंत्रण कक्षाला फोन केला. अकराशे खोटे आणि तुमचा एकच खरा का, असे तिकडून विचारले गेले. बरीच वादावादी झाल्यावर लोकांना हलवायला संध्याकाळपर्यंत गाड्या पाठवायचे कबूल झाले.

तोवर मृण्मयीला कुठे ठेवायचे, हा प्रश्नच नव्हता. अख्ख्या निंबसरमध्ये एकच खोली सुरक्षित होती. बाईंनी तिला बोलावून घेतले. भिंत पुन्हा छताला टेकली, काटा बारावर आला, आणि सकाळपासून पहिल्यांदा बाईंनी मोकळा श्वास घेतला.

मृण्मयी आली, पोटावर हात ठेवून खाटेवर बसली. मापक तिच्या शेजारीच होता. काटा हलला आणि चाळीसवर गेला.

इकबालनी भिंतीत कुठे फट राहिली का पाहिले. कुठेच नव्हती. बाईंनी मापक उचलून दूरच्या कोपऱ्यात नेला, काटा उतरला. इकबालजवळ नेला, उतरलेलाच राहिला. लेकीजवळ आणला तसा पुन्हा चढला, आणि पोटाशी धरल्यावर आणखी वर गेला.

इकबालचे लक्ष खोलीच्या कोपऱ्यातल्या मोरीकडे गेले. तिथल्या नळाला सोनटक्क्यांनी लाकडी बूच ठोकले होते आणि खाली परगावाहून आणलेल्या पाण्याचे कॅन रचले होते. “तुमच्याकडे प्यायला पाणी कुठलं?” त्यांनी हळूच विचारले.

“वसाहतीच्या बोअरचं. सगळ्यांकडे तेच.” मृण्मयीने आधी काट्याकडे आणि मग आईच्या चेहऱ्याकडे पाहिले. “आई, ते बिघडलंय का?”

बाईंनी मापक खाली ठेवला आणि तिचा हात घट्ट धरला.

“नाही,” त्या म्हणाल्या.